स्टोनहेंजचा लाकडी संच: घ्या, पण माहितीपत्रकावर विसंबू नका

इंग्लंडमधल्या प्राचीन शिळावर्तुळाच्या या छोट्या प्रतिकृतीला पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कापला तो माहितीपत्रकापायी.

काम सुबक आहे. बाहेरच्या कड्यात ३० उभ्या शिळा, आत नालाच्या आकारात पाच मोठ्या जोड्या, आणि आडव्या शिळा खुंटी-खाचेने वर बसतात. मूळ स्टोनहेंजमध्येही तशाच खुंट्या आहेत. इसवी सनापूर्वी २५००च्या सुमारास त्या लोकांनी दगडात सुतारकाम केलंय!

पत्रक म्हणतं, अक्ष (रचनेच्या मधोमध जाणारी रेषा) ईशान्येकडे लावा आणि २१ जूनला सूर्योदय पाहा. मुंबईत? २१ जूनला? आकाशात ढगच ढग. म्हणून उलट टोक धरलं. त्याच अक्षाच्या दुसऱ्या बाजूला, सर्वांत उंच जोडीच्या फटीतून, डिसेंबरच्या अयनदिनाचा, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचा, सूर्यास्त दिसायला हवा. नातीला घेऊन मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर संच मांडला. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत मुंबईत अंशभराचाही फरक नसतो, त्यामुळे ती चिंता नव्हती. सूर्य फटीच्या बराच उजवीकडे, शेजारच्या शिळेमागे गेला. नात म्हणाली, "आजोबा, तुमचा सूर्य चुकला."

सूर्य कशाला चुकेल? स्टोनहेंज सुमारे ५१ अक्षांशावर, आपण १९वर. तिथे अयनदिनी सूर्य पूर्व-पश्चिम रेषेपासून सुमारे ४० अंश सरकून उगवतो-मावळतो, इथे जेमतेम २५. जन्मभर जमिनीची मोजणी केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण गिऱ्हाइकाला सांगणारी एक ओळ पत्रकात नको?

अक्ष फिरवता येईल अशी चकती दिली असती तर हा संच कुठल्याही गावी चालला असता. त्याहून बरं म्हणजे तेलंगणातल्या मुडुमालच्या उभ्या शिळांचा संच काढा. त्यांच्या काही रांगा अयनदिनाच्या सूर्याशी जुळतात असं अभ्यासक म्हणतात, आणि तिथला कोन आपल्यापेक्षा जेमतेम अर्ध्या अंशाने वेगळा. अर्थात इतके दगड असले की कुठली तरी जोडी कुठे तरी रोखलेली सापडतेच, म्हणून एखाद्या रेषेवर मी लगेच भाळत नाही. स्टोनहेंजचं तसं नाही, तिथे अख्ख्या रचनेचा अक्षच त्या दिशेला आहे.

सोबतचा गोंद टाकून द्या, फेविकॉल वापरा. आणि हील स्टोनचा (वर्तुळाबाहेरच्या एकट्या शिळेचा) तुकडा बारीक आहे, सोफ्याखाली जातो.