तालुक्याच्या महाविद्यालयात कलेचा इतिहास: सर्टिफिकेट कोर्स, मायनर की पदविका?

मराठवाड्यातल्या बहुतेक महाविद्यालयांपासून तासाभराच्या वाटेवर एखादं लेणं, जुनं दगडी देऊळ, बारव किंवा किल्ला असतोच. तरीही आपल्याकडे बीए करणारी बहुतेक मुलं कलेच्या इतिहासाचा एकही तास न बसता पदवी घेऊन बाहेर पडतात. इतिहासाच्या पेपरात राष्ट्रकूट येतात, त्यांच्या लढाया येतात, पहिला कृष्ण येतो आणि त्याच्या काळात कोरलेल्या कैलास लेण्याला दोन ओळी मिळतात. हे बदलावं असं मनापासून वाटणारे प्राध्यापक ठिकठिकाणी आहेत. त्यांची अडचण पुढची असते: कोणत्या रूपात सुरू केलं तर दोन वर्षांत बंद पडणार नाही?

समोर साधारण तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे महाविद्यालयाने स्वतःच्या पातळीवर चालवायचा ३० तासांचा सर्टिफिकेट किंवा ॲड-ऑन कोर्स. दुसरी म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत, बीएच्या आतच, मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय) किंवा ओपन इलेक्टिव्ह (आपल्या विषयाबाहेरचा, आवडीने निवडायचा पेपर). तिसरी म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या (स्थानिक गरजेचे, कमी मुदतीचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयाच्या) धर्तीवरची वर्षभराची पदविका. माझं मत आधीच सांगतो. तालुक्याच्या बहुतेक महाविद्यालयांनी दुसरी वाट धरावी. पदविकेचा विचार अजिंठा-वेरूळच्या पट्ट्यात असणाऱ्यांनी करावा. ३० तासांचा कोर्स चाचपणीसाठी एकदा घ्यायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नये.

तासांचा हिशेब आधी मांडा

ॲड-ऑन कोर्स ३० तासांत आटोपतो. मायनरची सगळी क्रेडिट (पदवीसाठी जमा होणारे श्रेयांक) धरली तर ती साधारण वीसच्या आसपास जातात. एका क्रेडिटला १५ तास धरले तर पदवीच्या वर्षांत पसरलेले ३०० तास झाले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) कौशल्य चौकटीतली वर्षाची पदविका ६० क्रेडिटची, म्हणजे एकाच वर्षात किमान ९०० तास. त्यात क्षेत्रभेटीच्या आणि प्रत्यक्ष कामाच्या क्रेडिटला दुप्पट तास द्यावे लागतात, तेव्हा खरा आकडा याहूनही वर जातो.

हे आकडे प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले की निम्मी चर्चा तिथेच संपते. ९०० तास शिकवणार कोण? अनुदानित महाविद्यालयांतही कितीतरी तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर, चालतात. पदविकेसाठी नवीन पद मिळण्याची आशा धरून प्रस्ताव पाठवणं म्हणजे विद्यार्थ्यांना अर्ध्या वाटेवर सोडण्याची तयारी करणं. शिवाय नवा स्वतंत्र अभ्यासक्रम उघडायचा तर विद्यापीठाचा बृहत आराखडा, प्रस्ताव, पाहणी समिती आणि मान्यता ही सगळी वाट चालावी लागते. ओपन इलेक्टिव्हचं काम त्या मानाने अभ्यास मंडळाच्या पातळीवर होतं. इतिहास विभागाच्या मायनरमध्ये एक-दोन पेपर कलेच्या इतिहासाचे ठेवणं तर आणखी सोपं.

मुलं कशासाठी येतील?

कम्युनिटी कॉलेज ही मूळ अमेरिकेतली कल्पना. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ सालचं. तिथल्या अशा महाविद्यालयांत कलेचा इतिहास बहुधा दोन सत्रांचा सर्वसाधारण पेपर असतो: एका सत्रात प्राचीन ते मध्ययुग, दुसऱ्यात प्रबोधनकाळ ते आधुनिक. तो घेणाऱ्या बहुतेक मुलांना कलेचे इतिहासकार व्हायचं नसतं. पेपरचं क्रेडिट पदवीत धरलं जातं, आणि पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात गेलं तरी ते सोबत नेता येतं, म्हणून वर्ग भरतो. यूजीसीने २०१३-१४ मध्ये याच नावाची योजना आपल्याकडे आणली तेव्हा भर कौशल्य आणि रोजगारावर दिला. गवंडीकाम, पर्यटन, किरकोळ विक्री अशा विषयांना ते जुळतं. कलेच्या इतिहासाला जगवणारी गोष्ट मात्र त्या मूळ रचनेत आहे: क्रेडिट वाया जात नाही.

तीनही वाटा या कसोटीवर घासून पाहा. ॲड-ऑन कोर्सचं प्रमाणपत्र फाइलमध्ये राहतं. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) भेटीत ते कामाला येतं, विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत मात्र त्याची नोंद बहुधा होत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी नवलाईने मुलं येतात, दुसऱ्या वर्षी नावं गोळा करत फिरावं लागतं. मायनरची किंवा ओपन इलेक्टिव्हची क्रेडिट पदवीत मोजली जातात, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात, आणि मुलाने पुढे नांदेडला किंवा संभाजीनगरला प्रवेश घेतला तरी कामी येतात. पदविकेला मात्र वेगळी फी, वेगळी हजेरी, वेगळी परीक्षा. सकाळच्या एसटीने येऊन दुपारच्या एसटीने परतणाऱ्या मुलीला बीए सांभाळून हे जमणार नाही, आणि आपल्या वर्गात अशा मुलींची संख्या मोठी असते.

आणखी एक खेच आहे, तिचा उल्लेख करायला संकोच वाटू नये. लातूरपासून संभाजीनगरपर्यंत अभ्यासिका भरलेल्या आहेत त्या स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी. यूपीएससी मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्याच पेपरात भारतीय संस्कृती, कलाप्रकार आणि स्थापत्य आहे, आणि एमपीएससीनेही राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत स्वीकारली आहे. चैत्य (प्रार्थनेचं लेणं) आणि विहार (भिक्खूंच्या निवासाचं लेणं) यांतला फरक गाईडबुकातून पाठ करण्याऐवजी लेण्यात उभं राहून समजलेला असेल, तर त्या उत्तरात जीव येतो. मुलं परीक्षेसाठी आली तरी हरकत नाही. एकदा वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल करणारं दगडी छत पाहिलं की त्यांतली काही जण त्या विषयासाठी थांबतात.

दूरचं आधी की जवळचं?

अभ्यासक्रमाच्या आराखड्यात इथे सर्वांत जास्त चूक होते. सुरुवात इजिप्तपासून, मग ग्रीस, रोम, प्रबोधनकाळ, आणि सत्र संपता संपता घाईने अजिंठा. प्रोजेक्टरवर शंभर चित्रं जातात आणि एकही लक्षात राहत नाही. त्या उलट, पहिलं सत्र पूर्णपणे जिल्ह्यातल्या वास्तूंवर घ्या.

कोणत्या महाविद्यालयाला काय जवळ आहे ते बघा. अंबाजोगाईकरांना हत्तीखान्याची लेणी गावातच आहेत, आणि जिल्ह्यातच धर्मापुरीचं केदारेश्वर. देगलूरला होट्टलची जुनी देवळं. जिंतूरला चारठाण्याची. निलंग्याला गावातलं नीलकंठेश्वर आणि पलीकडे खरोशाची लेणी. वसमत-हिंगोलीकडच्यांना औंढा नागनाथ: तिथे खालची जुनी कोरीव भिंत आणि वरचं उत्तरकालीन शिखर एकाच नजरेत दिसतं, त्यामुळे 'एकाच वास्तूत दोन काळ' हा अवघड धडा पाच मिनिटांत कळतो. कन्नडला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचा लेख आहे. प्राचीन भारतात कलाकाराचं नाव असं क्वचितच हाती लागतं. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि ती तिथे का गेली, जागेवरून हलवलेल्या मूर्तीचं काय हरवतं, यावर एक अख्खा तास घेता येतो.

जवळचं पुरेसं मोठं नाही अशी शंका कुणाला येत असेल तर तेरचं उदाहरण पुरेल. धाराशिवपासून जवळच्या या गावात विटांचं, मागची बाजू अर्धवर्तुळाकार असलेलं त्रिविक्रम मंदिर आहे, आणि सरकारी लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तशाच घडणीची मूर्ती भोकरदनच्या उत्खननात मिळाली, आणि तिसरी थेट इटलीत, पाँपेईच्या ज्वालामुखीच्या राखेखाली, १९३८ साली. तेरपासून सुरुवात करून रोमपर्यंत जाता येतं. इजिप्तपासून सुरुवात केली तर सत्र संपेपर्यंत तेरला पोचता येत नाही.

अंतराचा प्रश्न पैशाचाही आहे आणि परवानगीचाही. लातूरहून अजिंठा गाठायचा म्हणजे मुक्काम आला, आणि मुलींना मुक्कामी पाठवायला कितीतरी घरांतून नकार येतो. खरोसा, तेर, औसा, उदगीर या भेटी सकाळी निघून संध्याकाळी परत. तीन सत्रांत चार-पाच एकदिवसीय भेटी करा आणि अजिंठा-वेरूळची एकच मोठी सहल शेवटी ठेवा, तोवर मुलांची नजर तयार झालेली असते. सहलीचे वार ठरवताना ध्यानात ठेवा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. भेटी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. मार्चनंतर कातळ तापतो आणि कुणाचंच लक्ष लागत नाही.

शिकवणार कोण?

असे उपक्रम बहुधा एका उत्साही माणसावर चालतात आणि तो निवृत्त झाला की थांबतात. म्हणून पहिल्या दिवसापासून दोघं हवेत. माझ्या पाहण्यात सर्वांत चांगली जोडी म्हणजे इतिहासाचे प्राध्यापक आणि शेजारच्या शाळेतले चित्रकला शिक्षक. इतिहासवाल्यांना राजवंश, शिलालेख, दानपत्रं ठाऊक असतात, पण मूर्तीसमोर ते चटकन गोष्ट सांगायला लागतात. चित्रकलेचे गुरुजी मुलांना आधी बघायला लावतात: वजन कोणत्या पायावर आहे, रेषा कुठे वळते, दगड कुठे खोल कापलाय. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली मुलं वर्गात असतात, त्यांच्या हाती पेन्सिल द्या. सुरसुंदरीचं (देवळाच्या भिंतीवरच्या अप्सरेसारख्या स्त्रीमूर्तीचं) पंधरा मिनिटांचं रेखाटन केलेला मुलगा ती मूर्ती विसरत नाही.

या बाबतीत ॲड-ऑन कोर्स वरचढ आहे, हे कबूल केलं पाहिजे. पात्रतेच्या अटींचा जाच तिथे कमी, त्यामुळे पैठणी विणणारे कारागीर, हिमरू-मशरूचे विणकर, निवृत्त पुरातत्त्व कर्मचारी यांना थेट वर्गात आणता येतं. मायनरमध्ये त्यांना पाहुणे म्हणून बोलवावं लागतं, आणि मानधनाची तरतूद आधी करून ठेवावी लागते. 'स्वयम्' या सरकारी मंचावरचे ऑनलाइन कोर्स हाही एक आधार आहे. एका सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यातून घेण्याची मुभा यूजीसीने २०२१ मध्ये दिली. सिद्धांताचा भाग त्यांच्यावर सोपवून वर्गातला वेळ जवळच्या वास्तूंसाठी राखता येतो. इंग्रजी ऐकताना मुलं अडखळतात, तेव्हा सोबत मराठी टिपणं द्यावी लागतील.

पैसा

समजा ॲड-ऑन कोर्सला २० मुलं आली आणि प्रत्येकी १,००० रुपये फी ठेवली, तर २०,००० जमतात. त्यात शिकवणाऱ्याचं मानधन आणि दोन गाड्यांचं भाडं निघालं तरी पुष्कळ झालं. पदविकेची फी याच्या कितीतरी पट ठेवावी लागते, आणि सोयाबीनचे भाव पडलेल्या वर्षी ती भरणारं घर शोधावं लागतं. योजनेतून निधी मिळाला तरी त्याला मुदत असते, आणि मुदत संपली की पगाराचा बोजा संस्थेवर येतो. मायनरला वेगळी फी नसते, तास कार्यभारात धरले जातात. खर्च उरतो तो भेटींचा. तो क्षेत्र-प्रकल्पाच्या क्रेडिटशी जोडला की प्रवासाला कारण मिळतं आणि लेखापरीक्षणात प्रश्न येत नाहीत.

पदविका कुठे शोभेल?

खुलताबाद, कन्नड, सोयगाव, सिल्लोड या तालुक्यांत आणि संभाजीनगर शहरात. तिथे पर्यटकांवर चालणारी हॉटेलं, हस्तकलेची दुकानं, ट्रॅव्हल एजन्सी आहेत. शहरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे आणि विद्यापीठाचं इतिहास वस्तुसंग्रहालयही. शिकवणारे मिळतात आणि शिकून निघालेल्यांना काम मिळू शकतं. पण माहितीपत्रकात 'गाईड व्हा' असं छापण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगा: संरक्षित स्मारकांवर गाईड म्हणून काम करायला महाविद्यालयाची पदविका पुरत नाही, त्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. गरीब घरातल्या मुलाने माहितीपत्रकातल्या त्या एका वाक्यावर विश्वासून वर्ष आणि पैसे घातलेले असतात.

बाकी ठिकाणी मायनर किंवा ओपन इलेक्टिव्ह. तीन तुकड्या नीट पार पडल्या आणि दोन शिक्षक तयार झाले, तर त्याच पेपरांवर पुढे पदविका उभी करता येते. उलटं होत नाही. पदविका बंद पडली की विषयाचं नावच गावात खराब होतं, आणि पुढची दहा वर्षं कुणी प्रस्तावाला हात लावत नाही.

ज्यांनी मायनर ठरवली आहे त्यांनी दोन कामं जूनच्या आत करावीत. वेळापत्रकात सलग दोन तास मागून घ्या, कारण एका तासात गावातल्या देवळापर्यंत जाऊन परत येता येत नाही. आणि प्रत्येक वास्तूसाठी एक नोंदवही उघडा: फोटो, आराखड्याचं कच्चं रेखाटन, पडझडीची नोंद, गावकऱ्यांनी सांगितलेली माहिती, तारीख. संरक्षित ठिकाणी ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, आणि शिलालेखावर खडू फासायचा नाही, हे त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या तुकडीने तीच वही पुढे चालवायची. शिक्षक बदलले तरी नव्याने येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात काय दाखवायचं ते त्यात तयार मिळेल.