अॅम्बेसेडरला पुढे डिस्क ब्रेक : एक पावसाळा आणि एक कापसाचा हंगाम वापरल्यावर

कॅलिपरच्या (डिस्कला दोन्हीकडून पॅडने आवळणाऱ्या भागाच्या) पिनेवरचं रबरी बूट, म्हणजे धूळ-चिखल अडवणारं टोपण, सुटं मिळत नाही, अख्खा कॅलिपरच घ्यावा लागेल, असं डिस्क ब्रेकचं किट विकणाऱ्याने फोनवर सांगितलं. त्या संतापात लिहायला बसलोय.

गाडी 1986 ची मार्क फोर, पेट्रोल, वडिलांनी घेतलेली. ड्रम काढून डिस्क का बसवावी हे अॅम्बीवाल्यांना सांगायला नको. आम्हा परतवाड्याकडच्यांना कारणं दोन : चिखलदऱ्याहून धामणगाव गढीकडे उतरणारा घाट आणि गावाआधीचा रपटा, म्हणजे पावसात पाण्याखाली जाणारा बुटका पूल. घाटात ड्रम तापून फुगतो, आतून घासणाऱ्या लायनरपासून दूर जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. रपट्याचं पाणी ड्रममध्ये शिरलं की पुढे बराच वेळ ब्रेक नावालाच. त्यात अंधार पडता पडता तुरीतून रोही (नीलगाय) कधी आडवा येईल, भरवसा नाही.

शेवटच्या काळातल्या अॅम्बेसेडरला कंपनीनेच पुढे डिस्क दिली होती. ती नकलसकट (चाक ज्यावर बसतं त्या भागासकट) मिळाली तर काम सगळ्यात सरळ. पण उत्तरपाड्याचा कारखाना 2014 ला बंद पडला आणि भंगारात मला दिसल्या त्या सगळ्या डिस्क कडेला धार येईपर्यंत झिजलेल्या. ज्यांना घाट नाही, पाणी नाही, त्यांनी ड्रम टर्न करून (लेथवर आतून सारखा करून), नवे व्हील सिलिंडर आणि चांगले लायनर टाकून पैसे वाचवावेत, हे मी मनापासून सांगतो. मी घेतलं ते ब्रॅकेटवर छोट्या कारचा कॅलिपर बसणारं तयार किट. 15 इंची रिममध्ये ते कुठेही घासत नाही.

पहिले काही आठवडे पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. विकणारा म्हणाला होता, बूस्टरची (इंजिनच्या व्हॅक्यूमने पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याची) गरज नाही. गरज आहे. फिरता ड्रम शूला (लायनर लावलेल्या पट्टीला) आपल्याबरोबर ओढतो आणि ब्रेकचा जोर आपोआप वाढतो. डिस्कमध्ये तसं काही होत नाही, सगळा जोर पायाचाच. पेडल इतकं कडक झालं की बायकोने गाडी चालवायचंच सोडलं. शेवटी बूस्टर बसवला, इनटेक मॅनिफोल्डवरून व्हॅक्यूमची नळी घेतली आणि माझं मतच बदललं. (डिझेलवाल्यांनो, तुमच्या मॅनिफोल्डला असा व्हॅक्यूम नसतो. पंपाची सोय आधी पाहा.) पावसाळ्यात रपटा ओलांडून लगेच ब्रेक दाबला, तर गाडी सरळ रेषेत थांबली. डिस्क उघडी असते, पाणी फिरण्यातच उडून जातं. घाटात पेडल पहिल्या वळणाला जिथे होतं तिथेच पायथ्याशी. तेव्हाच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं.

मग कापूस सुरू झाल्यावर डावं चाक तापायला लागलं. थांबल्यावर करपल्याचा वास, हबजवळ हात धरवेना, आणि गाडी डावीकडे ओढ घेत होती. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागात) लाइनीत थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनीत राहिला तर पॅड सुटत नाहीत. पण तो किट बसवतानाच काढला होता, आणि राहिला असता तर दोन्ही चाकं तापली असती. मिस्त्रींनी चाक जॅकवर घेतलं, कॅलिपरचा निप्पल (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) ढिला केला. ब्रेक ऑइल आलं, पण चाक तसंच जड. म्हणजे प्रेशर अडकलेलं नाही. कॅलिपर उघडला तर आतलं पॅड पत्र्यापर्यंत संपलेलं, बाहेरचं जवळपास नवं.

“भाऊ, पिस्टन बरोबर हाये. पिन जाम झाली. हे रबर पाहा.”

बुटाच्या घडीत नखाएवढी चीर. आमच्या पांदणीची काळी माती तिथून आत गेलेली आणि वाळून सिमेंटसारखी घट्ट झालेली. कॅलिपर या पिनेवर सरकला तरच दोन्ही पॅड सारखे दाबतात. पिन अडकली की डिस्क असून नसल्यासारखी.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर : रबर वॉरंटीत येत नाही, गाडी चिखलात चालवू नका. अहो, वावर काय डांबरी रस्त्यावर असतं? आणि रबराच्या तुकड्यासाठी मी हजारोंचा कॅलिपर का घ्यावा? मिस्त्रींनी कॅलिपरवरच्या खुणेवरून तो कोणत्या गाडीचा ते ओळखलं आणि परतवाड्यातच त्या गाडीचा बूट-पिनेचा संच चहा-नाश्त्याच्या खर्चात मिळाला. किट विकणाऱ्याला ही गोष्ट माहीतच नव्हती की सांगायची नव्हती, देव जाणे.

किट पाहताना लोक डिस्कचा व्यास विचारतात, जाळीदार आहे का ते विचारतात. त्याआधी कॅलिपर कोणत्या गाडीचा ते विचारा, आणि त्याचं रबर तालुक्याच्या गावात मिळतं का ते जाऊन पाहा. विकणारा सांगत नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. पिनेला सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या बेअरिंग ग्रीसने हे रबर फुगतं आणि पिन पुन्हा धरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून मी दर दोन वर्षांनी पूर्ण बदलणार आहे. डॉट 4 दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान 230 अंशांना उकळतं, ओलावा धरला की ती हद्द 155 पर्यंत खाली येऊ शकते.

नवे बूट टाकल्यापासून दोन्ही हब सारखेच कोमट लागतात, ओढही गेली. बुटांचा आणखी एक संच डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय. आता ब्रेक दाबला की पुढची चाकं सगळं काम करतात आणि मागचे ड्रम आळशी वाटतात, म्हणून संत्र्याचे पैसे हाती आले की मागचे व्हील सिलिंडर आणि लायनर बदलून घेणार आहे. मागे डिस्क मात्र लावणार नाही. तिथे हँडब्रेकची भानगड आहे आणि तेवढा खर्च मला परवडणारा नाही.