माफीची बातमी खरी होती

एजंटानं मला सांगितलेल्या बऱ्याचशा गोष्टी खऱ्या होत्या. म्हणूनच तर फसलो.

मी तासगाव तालुक्यातला, दहावी नापास. एजंट पाहुण्यातला, चुलतभावाच्या सासरकडचा. सांगलीत विश्रामबागेत त्याचं एका खोलीचं ऑफिस. "मलेशियाला आता व्हिसाच लागत न्हाई," तो म्हणाला. खरंच होतं. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तिथं ३० दिवस बिनव्हिसाचं राहता येतं. पण फिरायला! एवढा एक शब्द त्यानं गिळला.

सुपरमार्केटात पॅकिंगचं काम, महिना साठ हजार. त्याचे २ लाख ८० हजार ठरले. बेदाणा विकल्याची पट्टी, म्हणजे पैसे, नुकतेच आले होते, कमी पडले ते आईच्या पाटल्या मोडून. सगळं रोख. पावती मागितली तर म्हणाला, "पाव्हण्यात कसली पावती?" आणि मीच ओशाळलो.

जायच्या आदल्या रात्री त्यानं माझी तालीम घेतली. हॉटेलच्या बुकिंगचा कागद दिला, परतीचं तिकीट दिलं. "फिराय आलोय म्हण, कामाचं नाव काढू नगस." माझा पासपोर्ट ईसीआरचा, म्हणजे 'उत्प्रवास तपासणी आवश्यक' प्रकारचा. दहावी नसलेल्या माणसाला मलेशियात नोकरीला जायचं तर सरकारची परवानगी लागते, पर्यटकाला लागत नाही. ती तपासणी टाळायलाच हा सगळा बनाव. मला मात्र तेव्हा वाटलं, माणूस किती बारीक विचार करतो!

उतरल्यावर सुपरमार्केट नव्हतंच. एका खानावळीच्या मागं भांडी घासायचं काम, पहाटेपासून रात्री अकरापर्यंत. पासपोर्ट मालकानं काढून घेतला. परतीचं तिकीट कधीच रद्द झालं होतं. फेब्रुवारीत तीस दिवस भरले तसा मी घाबरून एजंटाला फोन लावला. "आरं, १ मार्चपासनं सरकार माफी काढतंय. कागद आपोआप हुत्यात." तेवढ्या आशेवर आणखी चार महिने भांडी घासली.

ही बातमीही खरी निघाली. मलेशियानं २०२४ साली अशी योजना काढलीच होती. पण ती कागद करून द्यायची नव्हती, घरी जायची होती! ५०० रिंगिट (तिथलं चलन) दंड भरा, तिकीट स्वतःच्या पैशानं काढा आणि निघा, खटला होणार नाही. एरवी मुदत संपून राहिलं तर कमीत कमी १० हजार रिंगिट दंड किंवा ५ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला माणसामागं १० ते ५० हजार रिंगिट दंड. हे मला सोबतच्या एका तमिळ पोरानं सांगितलं. मालक रात्रीचं शटर ओढून का घेत होता, ते त्या दिवशी कळलं.

ऑगस्टमध्ये परतलो. पासपोर्ट मिळालाच नाही, क्वालालंपूरच्या भारतीय उच्चायुक्तालयातून घरी येण्यापुरता कागद करून घेतला. दंड आणि तिकिटासाठी आईनं सोसायटीचं कर्ज काढलं.

पोलिसांनी विचारलं, पुरावा काय? व्हॉट्सअपवर एजंटानं पहिल्याच दिवशी मेसेज आपोआप पुसले जायची सोय लावून ठेवली होती. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, त्याचा नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतो आणि त्याची फी ३० हजार अधिक जीएसटी याच्या वर जाऊ शकत नाही, हे सगळं मी नंतर वाचलं. दोन मिनिटांचं काम होतं.

एजंट अजून लग्नकार्यात भेटतो, पहिल्या पंगतीला बसतो. परवा गावातला एक पोरगा कागद दाखवायला घरी आला. हॉटेलचं बुकिंग होतं. हॉटेल तेच, खोलीचा प्रकारही तोच, फक्त नाव त्याचं. पैसे दिलेस का, विचारलं. निम्मे दिलेत म्हणाला.