चिठ्ठी वाचून औषध देणारे दुकान

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातील या औषधांच्या दुकानाविषयी मी मनापासून कृतज्ञतेने लिहीत आहे. वैशाखात, आंब्याच्या पेट्या भरण्याच्या धांदलीत, माझ्या मधुमेही वडिलांना जुलाब लागले. त्यातच त्यांची कंबर धरली म्हणून मी डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी मागितली. काउंटरवरच्या ताईंनी पट्टी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली. तीत रक्तदाबाचे टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि मधुमेहाचे डापाग्लिफ्लोझिन होते. अंगातले पाणी कमी झालेले असताना त्यांत या वेदनाशामकाची भर पडली, तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटून ती अचानक निकामी होऊ शकतात, हे त्यांनी शांतपणे समजावले. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायला न सांगता त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी मधुमेहाच्या मेटफॉर्मिनसह काही गोळ्या बरे वाटेपर्यंत थांबवल्या आणि मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन तपासायला सांगितले. जुलाबात प्यायच्या ओआरएसमधल्या साखरेची मला धास्ती होती, तीही डॉक्टरांनी दूर केली. मोठी पुडी पूर्ण १ लिटर पाण्यातच कालवायची, हे ताईंनी पाकिटावर पेनाने ठळक लिहून दिले. दुकान दुपारी बंद असते, एवढीच गैरसोय आहे.