हंपी की बदामी? पोरांना घेऊन क्लायंबिंगला जायचं असेल तर

दोन्ही कर्नाटकात, दोन्हींत साधारण दीडशे किलोमीटरचं अंतर, आणि थंडी पडली की पुण्या-मुंबईचे क्लायंबर दोन्हीकडे पळतात. पण फॅमिलीला घेऊन एकच दिवस चढायचं असेल तर हे दोन वेगळेच खेळ आहेत.

हंपीला ग्रॅनाइटचे गोल गरगरीत धोंडे, एकावर एक, काही तर आत्ता घरंगळतील असे. कुणी रचलेले नाहीत हो, जमिनीखाली भेगांतून पाणी मुरून मुरून खडकाचे कोपरे झिजले, मग वरची माती वाहून गेली आणि हे उघडे पडले. इथे बोल्डरिंग, म्हणजे दोर नाही, खाली क्रॅश पॅड, म्हणजे जाड गादी, आणि पडलं तर सावरायला मागे हात वर करून उभा असलेला माणूस. हंपीजवळच्या सानापूरला पॅड, शूज भाड्याने मिळतात, चिल्लीपिल्ली बुटक्या दगडांवर तासन्तास रमतात. फक्त तो ग्रॅनाइट म्हणजे किसणी आहे, बोटांची सालं निघतात, चिकटपट्टी न्याच. आणि सानापूर तुंगभद्रेच्या पलीकडे, त्यामुळे विरुपाक्षाचं देऊळ वगैरे त्याच दिवशी उरकू म्हणाल तर नुसती धावपळ.

बदामीला लाल वालुकाश्माच्या उभ्या भिंती. दगड थराथरांचा, म्हणून आडव्या खाचा आणि बोटं आत जातील अशी छान पकड. इथे बोल्ट मारलेले रूट, म्हणजे चढायच्या ठरलेल्या वाटा, दोर, हार्नेस, हेल्मेट, सगळा सरंजाम, आणि स्वतःला बिले देता, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळता, येत नसेल तर इन्स्ट्रक्टर घ्याच, त्यात काटकसर नको. पाऊस होऊन गेला असेल तर दगड नीट वाळेपर्यंत हात लावायचा नाही, ओला वालुकाश्म तुटतो. लेण्यांजवळच्या संरक्षित भागात चढायचं नाही हे वेगळं सांगायला नको. माकडं डबा पळवतात.

आता बघणाऱ्याला बदामीच धोक्याची वाटते, उंची बघूनच आयांच्या पोटात गोळा येतो. पण टॉप रोपवर, म्हणजे दोर वरून अडकवलेला असताना, पोरगं सुटलं तर थोडं खाली येऊन लोंबकळतं, हसतं, परत लागतं भिंतीला. हंपीत मात्र प्रत्येक पडणं जमिनीवरच, पाय पॅडच्या कडेवर पडला की घोटा मुरगळलाच, आणि मोठी पोरं थोडं जमायला लागलं की उंच दगड शोधतात. म्हणून दहाच्या पुढची पोरं असतील तर मी बदामी म्हणेन, त्याहून लहान असतील तर हंपी.

आजी-आजोबा सोबत असले तरी बदामीच, अगस्त्य तलावाच्या काठी निवांत बसता येतं, आणि जेवायला ज्वारीची भाकरी-शेंगाचटणी मिळते त्यामुळे कुणाची कुरकुर नाही.