भंडारदऱ्याच्या तंबूमुक्कामातील शेकोटीचे मचाण: बांधणी चोख, देखरेख ढिली

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत मुक्कामाची सोय करणारे पुष्कळ आहेत. आम्ही उतरलो तेथे मात्र शेकोटी जमिनीवर नव्हे, तर लाकडी मचाणावर पेटवतात. हिवाळ्यात काठावरचे गवत वाळून खडखडीत झालेले असते आणि एक ठिणगीही वणव्याला पुरते, त्यामुळे ही व्यवस्था केवळ दिखाव्याची म्हणता येणार नाही. शिवाय उंची कमरेएवढी असल्याने न वाकता भाकऱ्या भाजता येतात.

बांधणीला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. निलगिरीचे चार खांब जमिनीत खोल गाडून त्यांना तिरके टेकू दिले आहेत, वर मनगटाहून जाड वासे एकमेकांना खेटून बसवले आहेत आणि सगळे बांध काथ्याच्या दोरीचे आहेत. नायलॉनची दोरी उष्णतेने वितळते, हे कारागिराला पक्के ठाऊक असावे. वाशांवर चिखलाचा लेप आणि त्यावर वीतभर मातीचा थर आहे. हा थरच मचाणाचा खरा आधार, कारण लाकूड साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पेट घेते, पण रोज तापून कोळपलेले लाकूड त्याहून कमी तापमानालाही पेटू शकते. माती पालापाचोळा काढून चाळलेली होती, अन्यथा ती स्वतःच आतून धुमसते. कडेचे दगडही खाणीतले, कोरडे. ओढ्यातले पाणी मुरलेले दगड तापले की फुटून कपच्या उडतात.

तक्रार आहे ती देखरेखीची. रात्री कामगाराने निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी शिंपडले आणि "विझली साहेब" म्हणून तो निघून गेला. राख काठीने उकरताच आत लालभडक निखारे दिसले. मचाणाखाली हात नेला तर मधला वासा चांगलाच गरम लागला, कारण तेथील माती सरकून थर जेमतेम तीन बोटे उरला होता. मग पाणी ओतणे, राख ढवळणे, पुन्हा ओतणे आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग उरली नाही ना हे पाहणे, असा सगळा उद्योग आम्हीच उरकला. सकाळी मालकांना सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता तेथे माती भरून घेतली, हेही नमूद केले पाहिजे.

जेवण रुचकर, स्वच्छता बरी. एक तंबू मात्र मचाणाच्या फारच जवळ आणि वाऱ्याच्या दिशेला आहे. आरक्षण करतानाच दुसरा मागून घ्यावा.