कवळी धुण्याच्या फसफसणाऱ्या गोळ्या: डागांना भारी, बुरशीला अपुऱ्या

चहा, पान आणि निपाणीकडची मिश्री यांनी रंगलेल्या कवळीवर या गोळ्या चांगल्या चालतात. वासही जातो. बेळगावात मोठ्या मेडिकलमध्ये मिळतात. पण तोंडातली बुरशी टाळायची म्हणून घेणार असाल, तर नुसत्या गोळीवर भागणार नाही.

गोळीत पर्बोरेट किंवा पर्कार्बोनेट, खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड असतं. पाण्यात फसफसून ऑक्सिजन सुटतो, डाग सैल होतात. पण कवळीच्या ॲक्रिलिकला, म्हणजे तिच्या प्लास्टिकला, बारीक छिद्रं असतात, त्यातही टाळूला टेकणारी बाजू पॉलिश केलेली नसते. कॅन्डिडा बुरशी तिथेच थर धरते आणि फेस त्या थरात पुरता शिरत नाही. कुंदा खाल्ल्यावर कवळी काढून पाहा, तो चिकट गोड थर नेमका याच बाजूला सापडेल. म्हणून गोळीआधी मऊ ब्रश आणि हात धुण्याच्या लिक्विड साबणाने आतली बाजू घासायचीच. टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात आणि बुरशीला नवी बिळं मिळतात. घासताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, निसटली तरी फुटत नाही.

पाणी कोमट, कवळी पूर्ण बुडेल एवढं. उकळत्या पाण्यात ती वाकते, मग बसत नाही. पाकिटावरची वेळ पाळा आणि नळाखाली खळखळून धुवा, कारण बऱ्याच गोळ्यांत पर्सल्फेट असतं आणि काहींना त्याची ॲलर्जी येते. आम्ही पाहिलेल्या पाकिटावर सूचना बारीक इंग्रजीत, ना मराठी ना कन्नड. घरातल्या आजी-आजोबांना निदान एवढं तरी सांगा, की ही गोळी गिळायची नाही आणि कवळी तोंडात असताना वापरायची नाही.

बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर मात्र गोळीने हलत नाही. त्याला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मग ब्रश.

टाळू लाल झाला असेल, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडल्या असतील, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल किंवा दम्याचा पंप घेत असाल तर लवकर. औषध तोंडाला आणि कवळीची सफाई, दोन्ही एकदम व्हायला हवं, नाहीतर बुरशी कवळीतून परत येते. पूर्ण ॲक्रिलिकच्या कवळीला ब्लीच चालतं: बिनवासाचं, ४ टक्क्यांचं असेल तर १ चमच्याला ७ चमचे पाणी, १० मिनिटं, जास्त नाही. धातूची पट्टी किंवा आकडा असेल तर ब्लीच नको, काळं पडतं. आतून मऊ अस्तर असेल तर काहीही वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. ब्लीच आणि व्हिनेगर एका भांड्यात कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो.

रोजची गोळी महाग वाटली तर एक दिवसाआड वापरा. ब्रश मात्र रोज, आणि रात्री कवळी काढून साध्या पाण्यात.